बसलेल्या बाईचं नाव

न्युरेम्बर्गच्या गोस्टेनहोफ भागात राहणाऱ्या मनोरमाबाई देवधर सत्तरी ओलांडल्यावर मॉडेल झाल्या. हे वाक्य त्यांच्या मुलाच्या, शिरीषच्या, घशाखाली अजून नीट उतरलेलं नाही, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. फोनवर त्यांनी त्याला एवढंच कळवलं होतं, "अरे, वरच्या मजल्यावरच्या हुफनागेलबाईंच्या चित्रकलेच्या क्लासात मॉडेल म्हणून बसणार आहे मी. दर मंगळवारी." मग तो एकदम हलक्या आवाजात म्हणाला, "आई, आणि कपडे... म्हणजे, कपड्यांचं काय?"

"मशीनला लावलेत," मनोरमाबाई म्हणाल्या.

त्यांना प्रश्न चांगलाच कळला होता. अर्धं आयुष्य जर्मनीत काढलेल्या बाईला तो कळणार नाही असं पोटच्या पोराला वाटावं, याचाच त्यांना राग आला होता. त्याला थोडा वेळ लटकत ठेवून मग त्यांनी खुलासा केला, की फक्त चेहरा काढणार आहेत. कोप्फ. मानेच्या वरचा भाग. साडी, स्वेटर, शाल सगळं अंगावर असणार, कारण तो हॉल बर्फासारखा गार असतो.

हुफनागेलबाई म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, काडीसारख्या उंच, टर्पेंटाइनचा वास घेऊन फिरणाऱ्या बाई. जिना झाडायची पाळी मनोरमाबाईंची होती त्या दिवशी त्या वरून उतरल्या, मनोरमाबाईंकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फ्राऊ देवधर, तुम्हाला न हलता बसता येईल?" मनोरमाबाई झाडू टेकून म्हणाल्या, "माझे मिस्टर जेवताना राजकारणावर बोलायचे. मला कितीही वेळ बसता येतं." त्यांचं जर्मन शाळेच्या कॅन्टीनमध्ये वाढपाचं काम करता करता शिकलेलं, पण हे वाक्य बिनचूक आलं आणि हुफनागेलबाई कठड्याला धरून हसल्या.

हो म्हणण्याचं खरं कारण मात्र जिन्यावर सांगण्यासारखं नव्हतं. फेब्रुवारीत मिरजेला मनोरमाबाईंचा धाकटा भाऊ उल्हास वारला. दर रविवारी त्याचा व्हॉट्सअॅपवर फोन यायचा, आणि तो फोन 'शालन, काय चाललंय?' असा सुरू व्हायचा.

शालन हे त्यांचं माहेरचं नाव. नवऱ्याचं नाव मनोहर, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'मनोरमा' लिहिलं गेलं, पेढे वाटले गेले आणि विषय संपला. तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात माहेरच्यांना बजावलं, की आता जुन्या नावानं हाका मारू नका, मुलगी रुळत नाही अशानं. माहेरचे शहाण्यासारखे वागले. आईसुद्धा पत्रात 'चि. सौ. मनोरमा' लिहू लागली. एकट्या उल्हासनं ऐकलं नाही. हाफ चड्डीतला पोरगा होता तो तेव्हा, पण हट्टी. रागावले, दटावले, एकदा भर पंगतीत काकांनी कान पिरगळला, तरी त्याच्या तोंडात शालनच. पुढे आई-वडील गेले, वर्गातल्या मैत्रिणी जिकडे तिकडे पांगल्या आणि त्यांचीही नावं बदलली, त्यामुळे शोधायची सोय उरली नाही. शेवटी सगळ्या जगात ते नाव तोंडात असलेला उल्हास एकटा राहिला.

तो गेल्याचं कळलं तेव्हा मनोरमाबाई त्याच्यासाठी रडल्या, अगदी मनापासून रडल्या. पण त्या रडण्यात एक कोपरा स्वतःसाठी होता, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. आता आपल्याला शालन म्हणणारं कोणी उरलं नाही. अठरा-वीस वर्षं जी मुलगी मिरजेत वावरली, सायकल शिकली, गणितात नापास झाली, ती उल्हासबरोबर गेली. आपण कधीतरी जाऊ तेव्हा एकट्या मनोरमाबाई जातील. हे कोणाला सांगणार? शिरीषला ते नाव ऐकून माहीत होतं, पण मामाचं लाडानं काहीतरी म्हणणं, एवढंच. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आई, तू overthink करतेस. रविवारी सकाळी फोन वाजत नाही ही शांतता त्यांना खायला उठायची. म्हणून मंगळवार तर मंगळवार, कुठेतरी माणसांत जाऊन बसू, असा विचार करून त्या हो म्हणाल्या.

बसणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बसून बघावं. पहिल्या पाच मिनिटांत नाकाचा शेंडा खाजतो. मग एका पायाला मुंग्या येतात. मग आपण गॅस बंद केला होता का, हा प्रश्न उभा राहतो आणि घरी विजेची शेगडी आहे हे आठवेपर्यंत कपाळावर आठी पडते आणि समोरून आठ-दहा जण एकदम ओरडतात, "फ्राऊ देवधर, कपाळ!" हलता येत नाही, बोलता येत नाही. करता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ऐकणं. आणि हुफनागेलबाई तर बोलायला बसलेल्याच असायच्या.

त्यांना एकच वेड होतं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून म्युनिकला चित्रकला शिकायला आलेली पोरं. ओहायोतून, इंडियानातून यायची. कोणाचा बाप खाटीक, कोणाचा सुतार. कोणी चर्चच्या छताला देवदूत रंगवून हात बसवलेला, कोणी दुकानांच्या पाट्या रंगवून. बोटीनं ब्रेमेनला उतरायची आणि तिथून आगगाडीनं म्युनिक. आपण थोर चित्रकार होणार अशा थाटात यायची, आणि आल्या आल्या त्यांच्या हातात काय दिलं जायचं, तर कोळशाची कांडी. समोर प्लास्टरचा पुतळा. त्याचा कान काढा. जमला नाही, परत काढा. महिनेच्या महिने रंगाला हात लावायचा नाही. या घोटून घेण्याला वैतागून काही जण परत जायचे, काही बिअर पीत बसायचे. जे टिकायचे त्यांना एक दिवस जिवंत माणसासमोर बसवलं जायचं आणि तिथे सगळं उलटं व्हायचं. आता आधी रेघांनी चित्र आखून घ्यायचं नाही. जाडा ब्रश घ्यायचा, ओला रंग भरायचा, काळोखातून उजेडाकडे यायचं आणि एका बैठकीत डोकं पुरं करायचं. संध्याकाळी गुरुजी यायचे, एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "वेग दामिट." घालवा हे. पोरानं चाकू घेऊन दिवसभराचं काम खरवडून काढायचं आणि उद्या त्याच कॅनव्हासवर पुन्हा पहिल्यापासून.

हुफनागेलबाईंचा क्लास म्हणजे हीच शिस्त, फक्त बिअर वजा. त्यांच्याकडे एक निवृत्त पोस्टमन यायचे, औषधांच्या दुकानातली एक बाई यायची, एक दाताचे डॉक्टर यायचे. साडेआठला हुफनागेलबाई टाळी वाजवून "वेग दामिट!" म्हणाल्या की सगळे चाकू घेऊन मनोरमाबाईंचा चेहरा खरवडायला लागायचे. पहिल्या मंगळवारी दाताच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाढा उपटलेला माणूस, पण स्वतःचं चित्र त्याला उपटवेना. मनोरमाबाईंनाही ते विचित्र वाटलं होतं. घरी गेल्यावर त्यांनी आरशात एकदा बघून घेतलं, सगळं जागच्या जागी आहे ना. पण दोन-तीन आठवड्यांनी त्यांना ते आवडायला लागलं. शाळेत पाटीवर अक्षरं गिरवायची, पालथ्या मुठीनं पुसायची, परत गिरवायची. पाटी पुसताना कधी कोणी रडलं नव्हतं. ही मोठी माणसं आता या वयात त्यांचा चेहरा गिरवत होती.

एका मंगळवारी हुफनागेलबाईंनी कागदात गुंडाळून एक छोटं तैलचित्र आणलं आणि मनोरमाबाईंच्या समोरच्या खुर्चीत टेकवून ठेवलं. ट्रेम्पेलमार्क्टला, म्हणजे न्युरेम्बर्गच्या जुन्या बाजारात, एका फुटक्या घड्याळाखाली त्यांना ते मिळालं होतं. म्हातारी बाई, डोक्याला गडद रुमाल, एका गालावर उजेड, बाकी सगळं चॉकलेटी अंधारात बुडालेलं. त्या काळी डांबरासारखा एक रंग वापरायचे, तो नीट वाळत नाही आणि वर्षांनी भेगाळतो; म्हातारीच्या कपाळावर सुरकुत्या आणि भेगा एकमेकांत मिसळून गेल्या होत्या. मागे पेन्सिलनं सही होती, लिडिया हॉलोवे.

हुफनागेलबाईंनी ही लिडिया खणून काढली होती. घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्याची मुलगी, ओहायोची. घोडागाड्यांच्या बाजूंवर वेलबुट्ट्या रंगवायची. आत्याला सोबत घेऊन म्युनिकला आली तेव्हा तिला कळलं, की अकादमीत मुलींना घेतच नाहीत. गावाकडून निघताना हे कोणी सांगितलं नव्हतं. परत जायला तोंड नव्हतं. मग तिच्यासारख्याच चार-सहा अमेरिकन मुलींनी मिळून एक पोटमाळा भाड्यानं घेतला, अकादमीतल्याच एका गुरुजींना आठवड्यातून दोनदा यायला राजी केलं आणि भाजीबाजारातली एक म्हातारी मॉडेल म्हणून बसवली. गुरुजी जिना चढून यायचे, धापा टाकत "वेग दामिट" म्हणायचे आणि जिना उतरायचे. बस्स, तेवढंच शिक्षण. तरी लिडिया तीन हिवाळे टिकली. परत गेली तोवर तिकडे सगळे पॅरिसला शिकून आलेले. ह्या काळोख्या चित्रांना कोणी विचारेना. उरलेलं आयुष्य तिनं मुलींच्या शाळेत शिकवलं आणि चिनी मातीच्या ताटल्यांवर जांभळी फुलं रंगवली.

"आणि बाकीच्या मुली?" मनोरमाबाईंनी ओठ न हलवता विचारलं. ही कला त्यांना आता जमली होती.

"त्यांची लग्नं झाली," हुफनागेलबाई म्हणाल्या. "नावं बदलली, आल्झो, म्हणजेच गायब. चित्रं असतील कुठेतरी, पण कोणाची म्हणून शोधायची? लिडिया सापडली कारण तिनं लग्न केलं नाही. नवऱ्याचं नाव लावणं म्हणजे बाईला खोडरबरानं पुसणं आहे, मी नेहमी सांगते." हुफनागेलबाई या विषयावर चिडल्या की त्यांचा ब्रश हवेत फिरायचा आणि पोस्टमनच्या कोटावर शिंतोडे उडायचे.

"आणि ही? ही बसली आहे ती कोण?"

"उनबेकांट." अज्ञात.

मनोरमाबाईंना ते उत्तर बोचलं. पुढचे कितीतरी मंगळवार त्या दोघी एकमेकींसमोर बसून होत्या, एक खुर्चीवर आणि एक खुर्चीत टेकवलेली. कोणाच्या आत्यानं काय केलं, कोणाच्या बापाचा धंदा काय, हे सगळं कुठे ना कुठे नोंदलेलं. आणि जिच्या तोंडावर त्या पोरी तीन हिवाळे चित्रकला शिकल्या, तिला नाव नाही. भाजी विकून थकलेली बाई गारठ्यात ताटकळून बसत होती. तिला कोणी तरी काहीतरी म्हणत असेल ना? आई म्हणत असेल, भाऊ म्हणत असेल. मनोरमाबाईंनी हुफनागेलबाईंना म्युनिकच्या जुन्या दफ्तरांत चौकशी करायला लावलं. तिकडून सभ्य नकार आला. मग मनोरमाबाई मनातल्या मनात तिला नावं देऊन बघायच्या; एका मंगळवारी ती वालबुर्गा वाटायची, एका मंगळवारी क्रेसेन्स. कुठलंच बसेना. आपण दिलेलं नाव तिचं नाव कसं होईल, हा विचार आला तेव्हा त्यांना स्वतःचाच संताप आला. त्यांनाही कोणीतरी असंच, बरं दिसतं म्हणून, एक नाव देऊन टाकलं होतं.

उन्हाळा सरत आला तेव्हा हुफनागेलबाईंनी जाहीर केलं, की शेवटची चित्रं खरवडायची नाहीत. शेजारच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन लागणार. ज्यानं त्यानं आपल्या चित्राला शीर्षक द्यावं. पोस्टमन म्हणाले, 'भारतीय स्त्री'. औषधवाली बाई म्हणाली, 'लाल टिकली'. दाताचे डॉक्टर बराच वेळ छताकडे बघून म्हणाले, 'शांती'. कोणी 'वार्धक्य' म्हणालं, कोणी 'पूर्वेची स्मृती'. मनोरमाबाई खुर्चीवर बसून ऐकत होत्या. हलायचं नाही हा नियम त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोडला.

"मी इथे बसले आहे," त्या उभं राहून म्हणाल्या. "मी शांती नाही. माझं डोकं दुखतंय आणि मला खूप राग आला आहे. सहा महिने तुम्ही रोज, म्हणजे दर मंगळवारी, माझं नाक बघताय. एकानं तरी माझं नाव लिहा!"

दाताचे डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. हुफनागेलबाईंनी ब्रश खाली ठेवला आणि खुर्चीतल्या म्हातारीकडे एकदा बघितलं. "फ्राऊ देवधर, तुमचं अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्या चित्रांखाली तुमचं नाव येईल. दुसरं काही येणार नाही. सांगा, नेमकं कसं लिहू?"

इतकी सरळ विचारणा त्यांना जन्मात कोणी केली नव्हती. तोंड उघडलं, 'मनोरमा' म्हणून झालं, आणि शब्द थांबले. इतके दिवस त्या म्हातारीच्या नावासाठी भांडत होत्या, आणि स्वतःचं विचारल्यावर ओठांवर सासरचं तेवढं आलं होतं. आता नाही सांगितलं तर कधीच नाही, हे त्यांना लख्ख कळलं. पण जर्मनमध्ये हे सांगायचं कसं? ताट, तांदूळ, अंगठी, पेढे, हे सगळं कुठल्या शब्दांत? तेवढ्यात त्यांना एक शब्द आठवला. ऑफिसांतल्या कागदांवर तो नेहमी असायचा. कागद भरायचं काम पहिल्यापासून मनोहररावांचं आणि नंतर शिरीषचं, पण शब्द कानावरून गेलेला. गेबुर्ट्सनामे. गेबुर्ट म्हणजे जन्म, नामे म्हणजे नाव. जन्माचं नाव. ह्या लोकांनी त्यासाठी नेमका शब्द करून ठेवला होता.

"मनोरमा," त्या म्हणाल्या, "पण माझं गेबुर्ट्सनामे शालन."

"गेबुर्ट्सनामे!" हुफनागेलबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "गेनाऊ! अगदी बरोबर! मी तुम्हाला हेच सुचवणार होते, पण धीर झाला नाही. तेच नाव लिहायचं. तुमचं स्वतःचं." मनोरमाबाईंना भरून आलं. या परक्या बाईला ते न सांगता कळलं होतं. दोघी एकमेकींचे हात धरून खूप वेळ हसत उभ्या राहिल्या. दोघी वेगवेगळ्या गोष्टींवर खूश झाल्या होत्या, एवढंच.

प्रदर्शन रविवारी सकाळी उघडलं. शिरीष बायको-मुलीला घेऊन एर्लांगेनहून गाडीनं आला. येताना त्यानं चेहरा जरा ताणलेलाच ठेवला होता, पण हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि चारी भिंतींवरून आईच त्याच्याकडे बघायला लागली. कुठे तिचं नाक जास्त मोठं झालेलं, कुठे एक डोळा घसरलेला, पण राग, कंटाळा, चिकाटी, सगळं तिचंच. त्याची दहा वर्षांची स्पृहा ओरडली, "आजी, दास बिस्ट डू! इथे पण तूच!" आणि भिंतीभिंतीनं धावत सुटली. शिरीषनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "भारी आहे गं," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं इतकं." मनोरमाबाईंनी ठेवणीतली नारायण पेठ नेसली होती, आणि त्या चित्रांखालच्या पाट्यांजवळ जायला घाबरत होत्या.

पाटी शिरीषनंच आधी वाचली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत, प्रत्येक चित्राखाली तेच: 'फ्राऊ मनोरमा शालन'.

"हे काय?" तो म्हणाला. "देवधर कुठे गेलं? आणि शालन म्हणजे मामा तुला म्हणायचा ते ना?"

मनोरमाबाईंनी हळूहळू त्याला सांगितलं, की ते मामाचं लाडाचं नव्हतं. ते त्यांचं नावच होतं, बारशात ठेवलेलं. तू जन्मलास त्याच्या कितीतरी आधी ते लग्नात बदललं. म्हणून हुफनागेलबाईंनी विचारलं तेव्हा मी गेबुर्ट्सनामे सांगितलं.

शिरीषनं कपाळाला हात लावला. "अगं आई, गेबुर्ट्सनामे म्हणजे माहेरचं आडनाव! लग्नाआधीचं surname. तुझं आठवले. यांच्यात बायकांचं पहिलं नाव बदलत नाहीत गं, त्यांच्या डोक्यातसुद्धा येणार नाही. म्हणून त्यांनी नवऱ्याचं आडनाव काढून शालन हे आडनाव म्हणून टाकलंय. फ्राऊ शालन! म्हणजे मिरजेचं शालन घराणं!" त्याला हसू येत होतं, पण आईचा चेहरा बघून त्यानं ते आवरलं.

मनोरमाबाईंनी पाटी पुन्हा एकदा वाचली. एकदाच तोंड उघडलं होतं आणि त्याचाही असा पचका झाला. नाव भिंतीवर लागलं होतं खरं, पण कोणाचं? या जगात कधी नसलेल्या एका घराण्याचं. जे उल्हासच्या तोंडात होतं ते हे नव्हे. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब, मी हुफनागेलबाईंना सांगून येतो," शिरीष म्हणाला. तो इंजिनिअर माणूस. चूक दिसली की त्याला दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही. "दोन मिनिटांत नव्या पाट्या प्रिंट होतील. तिकडे प्रिंटर आहे." तो गर्दीतून वाट काढत निघालासुद्धा. मनोरमाबाई एकट्याच उभ्या राहिल्या. सांगू दे, असं त्यांच्या मनात आलं. देवधर लिहू देत. ज्या नावानं दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे ओळखतात तेच खरं.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी जर्मन बाई चालायला आधाराची चाकांची ढकलगाडी धरून पोस्टमननी काढलेल्या चित्रासमोर उभी होती. ओळखीची ना पाळखीची. तिनं चष्मा वर करून पाटी वाचली, चित्र बघितलं, मग मान वळवून सगळ्या हॉलवर नजर फिरवली. नजर मनोरमाबाईंच्या नारायण पेठेवर येऊन थांबली. म्हातारीचं तोंड उजळलं आणि तिनं खणखणीत आवाजात हाक मारली, "फ्राऊ शालान!"

"ओ!"

मनोरमाबाईंच्या तोंडून तो शब्द कसा निघाला ते त्यांनाही कळलं नाही. फोनवर माणूस हॅलो म्हणतो; ओ द्यायला आपलं नाव मोकळ्या हवेतून, खोलीच्या त्या टोकाकडून यावं लागतं. मिरजेच्या परसातून आईनं हाक मारावी आणि माडीवरून द्यावी, तशी ती ओ होती, लांबलचक आणि पोरसवदा. हातातले ग्लास थांबवून लोक वळून बघायला लागले. अर्ध्या वाटेवर शिरीष थबकला. आईचा असा आवाज त्यानं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

तो परत आला. "आई, काय झालं? सांगू ना त्यांना?"

"नको."

"अगं, पण चूक आहे ते. आडनाव नाहीये तुझं."

"चूक तर चूक," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसावंसं त्यांना वाटत नव्हतं. "उल्हास गेल्यापासून मला कोणी हाक मारली नव्हती रे."

मी रोज मारतो की, असं म्हणायला शिरीषनं तोंड उघडलं आणि मिटलं. तो तिला रोज आई म्हणत होता.

एव्हाना म्हातारी ढकलगाडीसह त्यांच्यापर्यंत येऊन पोचली होती. तिनं भिंतीवरच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं, मग समोरच्या बाईकडे बघितलं आणि विचारलं, "फ्राऊ शालान, या तुम्हीच ना?"

"हो," शालन म्हणाली. "मीच."